सांध्याआधीची वर्षे

रक्तातील साखर तपासण्यासाठी प्रयोगशाळेत रक्त घेतात तेव्हा करड्या झाकणाची एक नळी वापरली जाते. तिच्या आतल्या बाजूला सोडियम फ्लोराइड असते. नळीत उतरलेल्या रक्तातील पेशी जिवंतच असतात आणि आपल्या गरजेसाठी साखर खर्च करीत राहतात. त्यांना तसे करू दिले, तर नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत साखरेचा आकडा खऱ्यापेक्षा बराच खाली आलेला असेल. फ्लोराइड ज्या विकराला (एन्झाइमला) अडवून हा खर्च थांबवते, त्याचे नाव एनोलेज. ग्लुकोजच्या विघटनाच्या दहा टप्प्यांपैकी नववा टप्पा त्याचा. लोहमान आणि मायरहोफ या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञांनी 1934 साली ते शोधून काढले, आणि पुढे असे दिसून आले की, जिवाणूपासून माणसापर्यंत जवळपास प्रत्येक सजीवात ते आहे आणि त्याची घडणही बरीचशी सारखीच आहे.

इतके जुने, इतके सर्वत्र आढळणारे आणि इतके निरुपद्रवी विकर माणसाच्या प्रतिकारशक्तीचे लक्ष्य होते, ही गोष्ट गेल्या दोन दशकांत ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास आमवात म्हणतात त्या आजाराच्या, संशोधनातून पुढे आली. मला या लेखात मांडायचे आहे ते असे की, या संशोधनाने आपल्या हाती सर्वांत मोलाचे काही दिले असेल, तर ते नवे औषध नव्हे, नवी चाचणीही नव्हे. हा आजार सांध्यात दिसण्यापूर्वी कित्येक वर्षे अन्यत्र सुरू झालेला असतो, हे ज्ञान दिले आहे. आणि आपली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था नेमका हाच काळ, आणि त्याला लागून येणारे पहिले काही महिने, वाया घालवते.

आधी, एनोलेजसारख्या प्रथिनाला लक्ष्य बनवणाऱ्या रासायनिक बदलाविषयी. प्रथिने अमिनो आम्लांच्या साखळीने बनतात. त्यांपैकी आर्जिनिन या आम्लावर धन विद्युत्‌भार असतो. पेशीतील पीएडी नावाची विकरे, कॅल्शियमची पातळी वाढली की, प्रथिनात आधीच गुंफलेल्या आर्जिनिनचे रूपांतर सिट्रुलिनमध्ये करतात. रेणूचे वजन त्यामुळे जेमतेम एका एककाने बदलते, पण धनभार जातो, साखळीची घडी त्या जागी सैल होते आणि प्रथिनाचा तेवढा तुकडा वेगळा दिसू लागतो. सिट्रुलिनसाठी जनुकीय संकेतच नाही, त्यामुळे प्रथिनात ते आढळले, तर प्रथिन तयार झाल्यानंतर कुणीतरी त्यात फेरफार केला आहे, असाच अर्थ होतो. हा फेरफार रोगट नव्हे, हेही सांगायला हवे. त्वचेचा वरचा थर तयार होताना तो घडतो, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतही घडतो. बिघाड तिथे सुरू होतो, जिथे काही माणसांची प्रतिकारशक्ती या बदललेल्या तुकड्याला परके समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही चूक कोण करणार, हे काही अंशी वारशाने ठरते. एचएलए-डीआरबी 1 या जनुकाची काही रूपे बाळगणाऱ्या माणसांत हा धोका अधिक असतो.

या आजाराच्या रक्तचाचणीचा इतिहास 1940 साली नॉर्वेच्या वालर यांनी वर्णिलेल्या ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’पासून सुरू होतो. आपल्याकडे ‘आरए फॅक्टर’ म्हणून आजही हीच चाचणी सर्वाधिक लिहून दिली जाते आणि तिच्यामुळे सर्वाधिक गोंधळही होतो, कारण ती इतर अनेक आजारांत, आणि वय वाढलेल्या निरोगी माणसांतही, सकारात्मक येते. 1964 मध्ये नेदरलँड्समध्ये याहून नेमक्या एका प्रतिपिंडाची चाहूल लागली, पण ते नेमके कशाला चिकटते हे कळायला 1998 साल उजाडावे लागले. ते चिकटत होते सिट्रुलिनला. त्यातून आजची अँटी-सीसीपी चाचणी आली. मग प्रश्न उरला की, शरीरातील कोणती सिट्रुलिनयुक्त प्रथिने खरे लक्ष्य आहेत. फायब्रिनोजेन, व्हिमेंटिन, टाइप 2 कोलॅजेन अशी नावे पुढे आली, आणि 2005 मध्ये त्यांत अल्फा-एनोलेजची भर पडली. 2008 मध्ये या विकराचा एक छोटा तुकडा वेगळा काढून निरनिराळ्या देशांतील रुग्णगटांत तपासला गेला, तेव्हा ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसच्या 37 ते 62 टक्के रुग्णांत त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. निरोगी माणसांत हे प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास होते.

खरी खळबळ पुढच्या निरीक्षणाने उडाली. हीच प्रतिपिंडे पॉर्फायरोमोनस जिंजिव्हॅलिस या जिवाणूच्या एनोलेजलाही चिकटत होती. हा जिवाणू हिरड्यांच्या जुनाट आजारात, म्हणजे लोक ज्याला पायोरिया म्हणतात त्यात, दातांच्या मुळाशी खोल फटींत राहतो. त्याच्याजवळ स्वतःचे पीएडी विकर आहे, आणि 2010 मध्ये प्रयोगशाळेत असे दिसले की ते माणसाच्या एनोलेजचे तुकडेही सिट्रुलिनयुक्त करू शकते. म्हणजे जंतू आणि यजमान या दोघांकडे जवळजवळ सारखे विकर, आणि त्यात फेरफार करणारे साधन जंतूच्याच हाती! हे चित्र इतके सुबक होते की काही काळ अनेकांना ते पूर्ण सत्य वाटले. दुसरीकडे स्वीडनमधील अभ्यासांनी फुफ्फुसाकडे बोट दाखवले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसांतून धुऊन काढलेल्या पेशींत सिट्रुलिनयुक्त प्रथिने आढळली, आणि जोखमीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या धूम्रपानकर्त्यांत या प्रतिपिंडांसह होणाऱ्या आजाराचा धोका, ती प्रत नसलेल्या धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत, 21 पट निघाला. तीन वर्षांनी हेही दिसले की जनुक आणि धूर यांचा हा संयोग सर्वांत ठळक होतो तो एनोलेजविरुद्धची प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांतच.

सुबक चित्रांवर फार विसंबू नये. हिरड्यांच्या जिवाणूचा आणि सांध्यांच्या आजाराचा संबंध सर्व लोकसमूहांत सारखा आढळला नाही. 2016 मध्ये हिरड्यांतल्याच दुसऱ्या एका जिवाणूवर संशय गेला, जो पांढऱ्या पेशींना छिद्रे पाडतो आणि त्यांच्या स्वतःच्याच पीएडीला मोकाट सोडतो. 2023 मध्ये असे मांडले गेले की हिरड्या आजारी असल्या म्हणजे तोंडातले नाना प्रकारचे जिवाणू वरचेवर रक्तात शिरतात आणि त्यांच्या सिट्रुलिनयुक्त प्रथिनांवर उठलेली प्रतिक्रिया पुढे माणसाच्या प्रथिनांवर वळते. शिवाय एकच प्रतिपिंड अनेक सिट्रुलिनयुक्त प्रथिनांना चिकटू शकते, त्यामुळे एनोलेज हा एकमेव किंवा पहिला गुन्हेगार होता, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझ्या मते धोरणाच्या दृष्टीने गुन्हेगाराचे नाव दुय्यम आहे. हिरड्या आणि फुफ्फुसे, ही ठिकाणे मात्र निरनिराळ्या वाटांनी गेलेल्या संशोधकांना पुन्हा पुन्हा सापडली आहेत.

ठिकाणाइतकाच काळही महत्त्वाचा. नेदरलँड्समध्ये ज्या रक्तदात्यांना पुढे हा आजार झाला, त्यांचे जुने, गोठवून ठेवलेले रक्त तपासण्यात आले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार सुमारे निम्म्या रुग्णांच्या रक्तात लक्षणे सुरू होण्याच्या आधीच प्रतिपिंडे हजर होती. सरासरी साडेचार वर्षे, आणि काहींच्या बाबतीत जवळपास चौदा वर्षे आधी. त्या काळात त्यांची बोटे दुखत नव्हती, सांधे सुजले नव्हते.

आता आपल्याकडे येऊ. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण या गावाचे नाव संधिवाताच्या जागतिक नकाशावर आहे, हे महाराष्ट्रात फारसे कुणाला ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या पद्धतीने पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 पासून तिथे घरोघरी जाऊन पाहणी केली. ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसचे प्रमाण तिथे सुमारे अर्धा टक्का निघाले. अर्धा टक्का ऐकायला लहान वाटतो. 2024 साली राज्याच्या मतदारयादीत साडेनऊ कोटींहून अधिक नावे होती. तेच प्रमाण सर्वत्र धरले, तर हे रुग्ण पावणेपाच लाखांच्या घरात जातात. त्यांत स्त्रिया पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतात, आणि बहुतेकींना आजार गाठतो तो कामाच्या ऐन वयात.

अशा बाईचे पहिले काही महिने कसे जातात ते पाहावे. सकाळी उठल्यावर बोटे मिटत नाहीत, ती मोकळी व्हायला तास-दीड तास लागतो. कपडे पिळता येत नाहीत, भाकरी थापताना मनगटातून कळ जाते, बांगड्या चढत नाहीत. घरचे म्हणतात, गार पाण्यात हात घालू नकोस. गावातला डॉक्टर दुखण्यावरची गोळी देतो. कधी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतो, ज्याने चार दिवस विलक्षण आराम पडतो आणि निदान आणखी लांबते. मग कुणीतरी पुड्या देणाऱ्याचा पत्ता सांगते, आणि त्या पुड्यांतही पुष्कळदा स्टेरॉइडच मिसळलेले असते. युरोपातील तज्ज्ञांची शिफारस अशी आहे की, सांधा सुजल्यापासून सहा आठवड्यांत रुग्ण संधिवाततज्ज्ञापर्यंत पोहोचावा आणि तीन महिन्यांच्या आत आजाराला मुळात आवर घालणारे औषध सुरू व्हावे. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी असा तज्ज्ञ नाही, आणि अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही तो मिळणे दुरापास्त आहे.

यावर उपाय नाही, अशातला भाग नाही. तळहाताला लागून असलेल्या बोटांच्या सांध्यांची ओळ, हस्तांदोलन करतो तशी, हलकेच दाबायची. कळ आली, आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, तर रुग्णाला पुढे पाठवायचे. हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला एका दुपारी शिकवता येते, उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यालाही येते. मेथोट्रेक्सेट हे या आजारातले पहिल्या पसंतीचे औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले, तर जिवावर बेतू शकते. म्हणून औषध देणाऱ्याने कार्डावर वार लिहून देणे, सोबत फॉलिक आम्ल देणे आणि ठराविक महिन्यांनी यकृताची व रक्तपेशींची तपासणी करणे, एवढी शिस्त व्यवस्थेत हवी. ही शिस्त मधुमेहाच्या रुग्णांसाठी आपण थोडीफार उभी केलीच आहे.

मात्र असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेह, उच्च रक्तदाब, कर्करोग, पक्षाघात, श्वसनाचे जुनाट आजार यांना जागा आहे, ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसला नाही. दुसरीकडे सरकारी आरोग्य विम्याच्या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेल्या आहेत. याचा परिणाम असा की, गुडघा पुरता निकामी झाल्यावर तो बदलण्याचा मोठा खर्च सरकार उचलते; तोच गुडघा वाचवणारी, आठवड्याला काही रुपयांची गोळी बाह्यरुग्ण विभागात सलग वर्षभर मिळेल, याची हमी मात्र कुणी घेत नाही. खर्चाचा हा क्रम उलटा आहे, आणि तो उलटा आहे हे समजायला जीवरसायनशास्त्र शिकावे लागत नाही.

प्रतिपिंडे आधी दिसतात, मग सर्वांचीच तपासणी का करू नये, असा प्रश्न इथे साहजिकच येतो, आणि खासगी प्रयोगशाळांच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजांनी तो धंद्याच्या सोयीने सोडवूनही टाकला आहे. हिशेब करून पाहावा. एक हजार धडधाकट वाटणाऱ्या प्रौढांची अँटी-सीसीपी तपासली, तर त्यांत खरे रुग्ण पाच. ही चाचणी दहातल्या सहा-सात रुग्णांना ओळखते, म्हणजे तीन सापडतील. उरलेल्या 995 जणांत, चाचणी 98 टक्के नेमकी धरली तरी, सुमारे वीस जणांचा अहवाल सकारात्मक येईल. त्यांतल्या थोड्यांना पुढे आजार होईल, बहुतेकांना होणार नाही, आणि या वीस जणांना आज सांगण्यासारखे औषध डॉक्टरांजवळ नाही. हजाराच्या आगेमागे रुपये मोजून भीती विकत घेण्याचा हा प्रकार आहे. तीच चाचणी सुजलेल्या बोटांच्या बाईसाठी जिल्हा रुग्णालयात मोफत उपलब्ध असणे मात्र अगदी वाजवी आहे, कारण तिच्या बाबतीत उत्तरावर उपचार अवलंबून आहे.

आजार उमटण्याआधीच औषध देण्याचे प्रयोगही झाले आहेत. ज्यांचे सांधे दुखत होते, पण सुजले नव्हते, अशांना नेदरलँड्समध्ये वर्षभर मेथोट्रेक्सेट दिले गेले. 2022 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार आजार टळला नाही, त्रास मात्र कमी राहिला. प्रतिपिंडे असलेल्यांना अमेरिकेत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देऊन पाहिले. लाभ दिसेना म्हणून तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. 2024 मध्ये अबाटासेप्ट या जैविक औषधाच्या दोन चाचण्यांनी आजाराची सुरुवात लांबवता येते असे दाखवले. ते औषध महाग आहे, आणि आजार होण्यापूर्वीच ते देण्याचा मार्ग इथल्या सार्वजनिक व्यवस्थेला नजीकच्या काळात परवडणारा नाही.

उरतात हिरड्या आणि धूर. हिरड्यांवर उपचार केल्याने हा आजार टळतो, असे अजून सिद्ध झालेले नाही. ते सिद्ध करायला हजारो माणसे आणि दहा-पंधरा वर्षे लागतील. तरीही मी दंतसेवेवरच्या खर्चाची बाजू घेतो, कारण निरोगी हिरड्यांसाठी सांध्यांचे निमित्त लागत नाही. पायोरियाने दात जातात, मधुमेह्याची साखर आटोक्यात राहत नाही, आणि ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सक असला तरी त्याचे बहुतेक काम दात उपटण्याचेच असते. मौखिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2014-15 पासून कागदावर आहे. त्याला आता आणखी एक कारण मिळाले आहे, आणि निदान एवढे व्हावे की संधिवाताच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या प्रत्येकाच्या हिरड्या कुणीतरी पाहाव्यात. रोज फुलत असलेल्या सांध्यांच्या चिंतेत, मनगटाच्या दुखण्याने दात नीट घासता येत नाहीत, ही साधी गोष्ट डॉक्टर आणि रुग्ण दोघेही विसरतात.

धुराबरोबर श्वासातून आत जाणाऱ्या धुळीचा विचार करताना इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या यंत्रमागाच्या शहरांचा उल्लेख करायलाच हवा. मलेशियातील स्त्रियांच्या एका अभ्यासात, 2016 च्या सुमारास, कापड उद्योगातील धुळीचा आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसचा संबंध दिसून आला. सिलिकाच्या धुळीचा संबंध तर त्याआधीपासून ज्ञात आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या आरोग्यतपासणीत श्वासाबरोबर बोटांच्या सांध्यांचीही विचारपूस झाली, तर खर्च एका प्रश्नाचा आहे.

तंबाखूची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि इथे परदेशी निष्कर्ष उचलून चालत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे 27 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण ती ओढणारे 4 टक्क्यांहूनही कमी होते. बाकी सगळा वापर चघळण्याचा, दाढेत धरण्याचा आणि घासण्याचा. स्वीडनमधील अभ्यासांत ओठाखाली ठेवण्याच्या तपकिरीचा, म्हणजे ‘स्नस’चा, या आजाराशी संबंध आढळला नाही, आणि त्यावरून काहींनी असा अर्थ काढला की दोष तंबाखूचा नसून धुराचा आहे. स्वीडनपुरते ते बरोबर असेल. आपल्याकडची मिश्री मात्र तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून, बोटाने थेट हिरड्यांवर घासली जाते. भाजताना तिचा धूर स्वयंपाकघरात कोंडतो, आणि ती लावणाऱ्यांत मोठा भाग त्याच स्त्रियांचा आहे ज्यांच्यात हा आजार अधिक आढळतो. जुनाट दाह असलेली हिरडी, तिच्यावर दिवसातून दोन-तीनदा घासली जाणारी जळकी तंबाखू आणि त्याच घरातला चुलीचा धूर, असा संयोग स्टॉकहोममध्ये अभ्यासायला मिळणार नाही. मिश्री लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या स्त्रियांच्या हिरड्यांची तपासणी, त्यांच्या रक्तातील सिट्रुलिनयुक्त एनोलेजविरुद्धची प्रतिपिंडे आणि पुढील दहा वर्षांतील त्यांचे सांधे, एवढ्या तीन नोंदी एकत्र ठेवायच्या आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय आणि शासकीय दंत महाविद्यालये आहेत. निधीची फाईल कोणत्या विभागाने पुढे न्यायची, वैद्यकीय शिक्षणाने की सार्वजनिक आरोग्याने, एवढे ठरले की काम सुरू करता येईल.